सुक्या दिवसांचं माप

त्या बेटावर माणूस नाही.
बकऱ्या आहेत, कुणीतरी कधीतरी सोडलेल्या,
राखेतून वाट काढत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या.
मी त्यांना पाहिलेलं नाही.
इथे दोना पावलाच्या टेकडीवर, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून जुवारीच्या तोंडाशी थांबलेली बार्ज दिसते,
बसून मी अंदमानापलीकडचा एक डोंगर मोजते.

उपग्रह बारा दिवसांनी वरून जातो.
आधीच्या चित्रातून आत्ताचं वजा केलं
की उरतात नुसते रंग,
निळा, पिवळा, तांबडा, पुन्हा निळा.
रंगांचा एक फेरा म्हणजे जमीन
पावणेतीन सेंटीमीटर सरकली.
करंगळीच्या पेराहून थोडी जास्त.
पृथ्वीच्या पोटातलं असं पेरांवर मोजावं लागतं.

सोमवारी दोन फेरे आले.
पश्चिमेच्या कुशीवर, एकात एक,
नवरीच्या हातातल्या चुड्यासारखे.
मी खुर्ची मागे घेतली. चहा निवला.
केंकरे सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"वाफ असेल. हवेत पाणी असलं की लहर उशिरा परतते,
आणि आपल्याला वाटतं डोंगर हलला.
घाई नको."

घाई मी करत नाही.
ते मला इनास मेस्तानं शिकवलंय.

पिळगावला आमचं मागचं दार
खाणीचा खड्डा कुंपणाला भिडल्यापासून अडायचं.
पावसात बोलावलं तर मेस्त यायचाच नाही.
"आतां लांकूड फुगलां. सुकूं दी."
यायचा वैशाखात, चिरे तापलेले असताना.
चौकटीवरून ओळंबा सोडायचा
आणि शिशाचा गोळा थांबेपर्यंत विडी पेटवायचा नाही.
मग रंधा. मग भुसा.
मग चौकटीच्या आतल्या अंगाला, रंग न पोचलेल्या जागी,
पेन्सिलीची एक रेघ आणि साल.
"दार वाडूंक ना, बाय. घर बसलां."

एकोणीस रेघा. सगळ्या सुक्या दिवसांच्या.
कंपनीचा माणूस एकदाच आला होता,
भर आषाढात, छत्री न मिटता,
आणि लिहून गेला:
लाकूड फुगल्यामुळे दार अडते.

मी जुन्या साठ्यातून कोरड्या हवेच्या तारखा वेचल्या.
ढग नसलेल्या पहाटा. एकावर एक रचल्या.
बारा दिवस सर काही बोलले नाहीत,
मीही नाही.
बार्ज निघून गेली, तिच्या जागी दुसरी आली.

तेराव्या सकाळी
एक फेरा पुसला गेला होता.
एक होता.
म्हणजे सरही बरोबर होते, आणि डोंगरही.

अहवालात लिहिलं:
पश्चिम उतारावर सुमारे तीन सेंटीमीटर उचल.
खात्री मध्यम.
जहाजांना कळवलं, विमानांना कळवलं.
बकऱ्यांना कळवायची सोय नाही.
सर म्हणाले, "जनावरांना आधीच कळतं."
असेलही.
पण त्यांच्याकडे मागच्या सालची रेघ नाही,
पाय कापले तरी ते कशापेक्षा जास्त कापले
हे त्या कुणाला विचारणार?

रविवारी पिळगावला गेले.
मेस्त जाऊन वर्ष झालं.
त्याच्या रोझारीनं ओळंबा दिला,
दोरी नवी, गोळा तोच,
एका बाजूला दाताचे असावेत तसे व्रण.
खड्ड्यात आता पाणी आहे, हिरवं, फार खोल,
आणि पंप बंद आहेत.
घर बसतंय की पाणी त्याला उचलतंय,
कुणी मोजलेलं नाही.

मी गोळा सोडला.
तो बराच वेळ हलत राहिला,
किंवा माझा हात.
थांबल्यावर विसावी रेघ काढली.
एकोणिसावीच्या जरा वर आली.
पुन्हा सोडला, पुन्हा पाहिलं.
वरच.

साल लिहिलं.
आणि त्याच्यापुढे, मेस्तानं कधी लिहिलं नव्हतं ते,
बारीक अक्षरात:
हवा सुकी होती.